लादीच्या पोटातला बर्फ

आमच्या घरी बर्फ रोज यायचा, पण तो माणसांसाठी नव्हता. अंधेरीच्या पश्चिमेला, समुद्राला लागून असलेल्या कोळीवाड्यात आमचं घर. बाबा मी लहान असतानाच गेले. त्यांची होडी मोठा भाऊ चालवायचा, त्याला मी दादा म्हणायचे. आई बाजारात म्हावरं विकायची. म्हावरं म्हणजे मासळी, आणि मासळी म्हटली की बर्फ आलाच. गोणपाटात गुंडाळलेली, लाकडाच्या भुशाने माखलेली लादी सकाळीच पडवीत येऊन पडायची. आई ती टोच्याने फोडायची, पाटीत मासळीचा एक थर, बर्फाचा एक थर असं लावायची आणि पाटी डोक्यावर घेऊन निघायची. उरलेला तुकडा दुपारपर्यंत गोणपाटाखाली झिजत पडलेला असायचा.

मी सांगतेय ती गोष्ट साठचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. फ्रीज आमच्या वस्तीत कुणाकडेच नव्हता. स्टेशनकडच्या चाळींत राहणाऱ्यांना बर्फ म्हणजे चैन वाटायची. पाहुणे आले की ते रुमालात चार खडे बांधून धावतपळत घरी न्यायचे. आम्हाला त्यांचं हसू यायचं. आमच्या पडवीत तो पायाखाली यायचा.

एक गोष्ट आम्हा कोळ्यांच्या पोरांना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असते, ती म्हणजे बर्फात काही कुजत नाही. दोन दिवस बर्फात राहिलेल्या पापलेटाचा डोळा लख्ख असतो, आणि बर्फाविना राहिलेलं संध्याकाळी नाकाशी धरवत नाही. जो दुसऱ्याला कुजू देत नाही तो स्वतःच घाण असेल, हा विचार यायला आमच्या डोक्यात जागाच नव्हती. मी मॅट्रिकपर्यंत शिकले, शास्त्राच्या पुस्तकातले जंतू मला पाठ होते. पण ते जंतू पुस्तकातल्या डबक्यात राहायचे, आमच्या पडवीत नाही.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि मी पंधरा. तिचं माहेर बोरिवलीच्या खाडीपलीकडचं, तरीने, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीने, जावं लागायचं. उंच, सावळी, चालायची अशी की आई म्हणायची, सून आणली की वारा आणलाय कळत नाही. मी पुस्तक घेऊन बसले की ती मला "मास्तरीण" म्हणून चिडवायची, आणि आईने मला बाजारात न्यायचं काढलं की हीच माझी पाटी उचलून पुढे व्हायची. "ती शिकते ना, शिकू दे की," एवढंच म्हणायची. मला बहीण नव्हती. ती आल्यावर मला कळलं की नव्हती म्हणजे काय नव्हतं.

दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. पहिले चार महिने ती जेवणाकडे पाठ करून बसली. चेहरा पांढुरका पडला, डोळ्यांखालची कातडी सुकलेल्या बोंबलासारखी झाली. तिच्या आईने, म्हणजे आईच्या विहिणीने, माहेराहून हळद आणली. मी तिला मावशी म्हणायचे. तिच्या घरामागे चार वाफे हळदीचे होते. स्वतः खणायची, उकडायची, पत्र्यावर वाळवायची आणि उखळात कुटून चाळायची. बिस्किटांच्या डब्यात भरून मावशी स्वतः घेऊन आली आणि आईच्या हातात देत म्हणाली, "दुकानची नको घालू गो तिला. ही घाल. रोज दुधातून."

आईनेही मनावर घेतलं. रोज संध्याकाळी पेलाभर हळदीचं दूध, गरमागरम, सुनेने डोळ्यांदेखत प्यायचं. वहिनी प्यायची आणि पडवीबाहेर जाऊन सगळं ओकून टाकायची. चैत्र संपत आला होता, घामाने चोळी अंगाला चिकटायची, त्यात ते वाफाळलेलं दूध. तिची खरी गोष्ट निराळीच होती. तिला डोहाळे लागले होते बर्फाचे. इतर बायकांना कैऱ्या, चिंचा, मातीसुद्धा खावीशी वाटते. हिला दाताखाली बर्फ हवा असायचा. पाटी भरताना उडालेली कपची ती पदरात लपवायची आणि कडाकडा चावायची. शेजारच्या बायका खिदळायच्या, "पोटात पोर हाय का पापलेट?" वहिनी त्यांच्यावर पाणी उडवायची.

डोहाळे पुरवायचे असतात हे आईला मान्य होतं. पण एकदा तिने वहिनीच्या हातातली कपची काढून फेकली. "म्हावऱ्याचा बर्फ हाय तो. तोंडात घालायचा नाय." एवढंच ती बोलली आणि बाजाराला गेली. मला वाटलं, ती वासाचं बोलतेय.

मग मी माझी अक्कल चालवली. गरम दूध आईला हवं, थंड बर्फ वहिनीला हवा, दोघींचं भागेल असं मी करीन म्हटलं. त्या वयात आपल्याला सगळं जमतं असं वाटतं, आणि मला तर फारच वाटायचं.

कृती मला अजून तोंडपाठ आहे. चमचाभर तुपात हळद जराशी परतायची, रंग गडद होईपर्यंत. करपली की कडू लागते, म्हणून हात थांबवायचा नाही. मग तबेल्यातलं म्हशीचं दूध ओतायचं. सुंठेचा तुकडा, चार मिरी आणि दोन वेलच्या खलबत्त्यात कुटून टाकायच्या, जायफळ वरून दोन वेढे उगाळायचं. दूध तीनदा वर येऊ द्यायचं. उतरवल्यावर गूळ, आधी घातला तर दूध फाटतं. शेवटी फडक्यातून गाळायचं. हे सगळं मी दुपारीच करून ठेवायचे आणि पातेलं बर्फाने भरलेल्या परातीत बसवायचे. बर्फ बाहेर, दूध आत. तासाभरात पातेल्याला बाहेरून घाम फुटायचा.

पहिल्या दिवशी वहिनीने एक घोट घेतला, थांबली, आणि सगळा पेला रिकामा केला. आम्ही दोघी बघत बसलो, मी तिच्या तोंडाकडे आणि ती परातीतल्या बर्फाकडे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ती उठून बाहेर धावली नाही. मला इतका आनंद झाला की मी तिच्या गळ्यात पडले.

आठवडाभर हे असंच चाललं. तेवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट मी आज सांगत नसते. पण वहिनी एके दुपारी म्हणाली, "बाय, थंड हाय, पन बर्फ कुठं हाय? मना दाताखाली लागला पायजे गो." नणंदेला ती बाय म्हणायची, आणि असं म्हणाली की मला नाही म्हणता आलं नाही.

मी टोच्या घेतला. बाहेरचा भाग भुशाने माखलेला, म्हावऱ्याचा वास धरलेला, तो सगळा फोडून टाकला. लादीच्या अगदी पोटात एक पांढराशुभ्र पट्टा असतो. बाकी लादी काचेसारखी, आणि मधे हा दुधासारखा. भुसा तिथवर पोचत नाही, वास तर नाहीच. मला वाटलं, लादीतला हाच सगळ्यांत चोख भाग. तो मी काढला, विहिरीच्या पाण्याने धुतला, फडक्यात गुंडाळून ठेचला आणि पेल्यात भरला. त्यावर ते पिवळं दूध ओतलं. दूध मी तीनदा उकळलं होतं आणि त्यात न उकळलेलं पाणी दगड करून टाकत होते, हे मला कळायला डॉक्टर यावा लागला.

वहिनी खूश झाली. दुपारच्या वेळी आम्ही दोघी पडवीत पाय पसरून बसायचो आणि खडे कडाकडा चावायचो. मी त्यात कधी बडीशेप टाकून पाहिली, कधी केशराच्या दोन काड्या, कुणाच्या तरी बारशातून आलेल्या. आई बाजारातून यायची, तिलाही मी पेला भरून द्यायचे. पहिल्यांदा तिने पेला हलवला, आत खडे वाजले. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. प्यायली आणि म्हणाली, "बरा लागतंय." आईच्या तोंडून एवढं ऐकायला आम्हाला वर्षभर थांबावं लागायचं.

वैशाख असा गेला. वहिनीच्या गालावर मांस आलं. मग पावसाळा जवळ आला, होड्या ओढून किनाऱ्यावर घेतल्या, त्यांच्यावर झावळ्यांची छपरं चढली आणि मासेमारी बंद झाली. त्याबरोबर बर्फही बंद झाला. वहिनीला हळदीचं दूध आता कोमटच मिळायचं, पण तिची ओकारी थांबली होती, ती मुकाट्याने प्यायची. सातव्या महिन्याची ओटी भरून मावशी तिला माहेरी न्यायला आली होती. आई म्हणाली, खाडीला उधाण आहे, पंधरा दिवसांनी ने.

त्या पंधरा दिवसांत आधी मला ताप आला. अन्न नकोसं झालं, अंग मोडून आलं, आठवड्याने मी बरी झाले. पावसात भिजली म्हणून सगळे मला ओरडले. मी उठले त्याच सुमारास वहिनी पडली. तिसऱ्या दिवशी मी तिची वेणी घालत होते, ती माझ्याकडे वळली आणि मला तिचे डोळे दिसले. पांढरं राहिलंच नव्हतं.

कावीळ. हा शब्द आमच्याकडे मोठ्याने बोलत नसत. आईने वहिनीचे डोळे पाहिले, नखं पाहिली, आणि तिची नजर थेट फळीवरच्या बिस्किटांच्या डब्यावर गेली. ते मी पाहिलं. "पिवळं पोटात गेलं, पिवळं बाहेर आलं," ती म्हणाली. "कसली हळद कुटली होती विहिणीनं, देव जाणे. काय लागलं होतं उखळाला." तिने डबा उचलला आणि भर पावसात किनाऱ्यावर जाऊन समुद्रात रिकामा केला. त्या दिवसापासून आमच्या घरात हळद बंद झाली. कालवणसुद्धा बिनहळदीचं, फिकट, आजाऱ्यासारखं दिसायचं.

हे आमच्याकडेच होतं असं नाही. काविळीत पिवळं काही घ्यायचं नाही, हळदीची तर सावलीही नको, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. बर्फ घरातून जाऊन महिना होत आला होता, त्याची कुणाला आठवण असणार? हळद मात्र कालपर्यंत पोटात जात होती. खापर तिच्यावर फुटलं आणि ते सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, हे मी कबूल करते. तोवर पटलं होतं.

शेजारच्या पाड्यावर एक म्हातारा कावीळ उतरवायचा. दादा त्याला घेऊन आला. त्याने वहिनीला पाटावर बसवलं, पुढ्यात पितळेची परात ठेवली, तिच्या हातांना चुन्याचं पाणी चोळलं आणि काहीतरी पुटपुटत वरून पाणी सोडलं. परातीतलं पाणी पिवळं होत गेलं. बघणाऱ्या बायकांनी हात जोडले. "उतरतेय," म्हातारा म्हणाला, "पाच दिवस लागतील." वरून सोडायच्या पाण्यात आंब्याच्या सालीचा रस असतो आणि तो चुन्याला लागला की कुणाच्याही हाताचं पाणी पिवळं होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या वेळी मीही हात जोडून उभी होते. परातीत रोज पाणी पिवळं होत होतं आणि वहिनीचे डोळे त्याहून पिवळे होत होते.

चौथ्या दिवशी ती बरळायला लागली. मला ओळखेना. दादाला म्हणाली, होडी कुणाची, बाजूला घे. मग दादाने टॅक्सी आणली आणि आम्ही तिला इस्पितळात नेलं. आई तिच्याबरोबर आत गेली, दादा कागद करायला गेला, आणि एक तरुण डॉक्टर माझ्याकडे आला. मराठीच होता, थकलेला होता, पण माझ्याशी नीट बोलला.

"काय खात होत्या? बाहेरचं काही? पाणी कुठलं पिता?"

"विहिरीचं. उकळून," मी म्हटलं. "आणि हळदीचं दूध. आई म्हणते हळदीने झालं."

त्याने मान हलवली. "हळदीने कावीळ होत नाही हो. ही पाण्यातून होते, घाण पाण्यातून. महिना-दीड महिना आधी पोटात गेलेलं असतं. तुमच्यासारखीला ताप येऊन जातो, पण पोटुशी बाईला फार जड जाते. सरबत प्यायल्या होत्या का कुठे? उसाचा रस? बर्फ?"

बर्फ हा शब्द त्याने सगळ्यांत शेवटी उच्चारला. त्याला त्यातलं काही माहीत नव्हतं, तो फक्त यादी वाचत होता. माझा ताप, दीड महिना, पडवीतल्या दुपारी, सगळं एका क्षणात जुळलं. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नाही. बर्फ नाही."

त्याने लिहून घेतलं आणि तो गेला. मी हो म्हटलं असतं तर वहिनी वाचली असती असं नाही. त्यावर त्यांच्याकडे औषधच नव्हतं, हे मी नंतर दोन डॉक्टरांना विचारून घेतलं आहे. म्हणून त्या खोट्याने तिचा जीव गेला नाही. त्याने दुसऱ्या कुणाचा तरी गेला, हळूहळू.

वहिनीला दुसऱ्या दिवशी मेलेलं मूल झालं. मुलगी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी गेली. शुद्धीवर ती आलीच नाही.

तिला घरी आणलं. सवाष्ण गेली की तिला नवरीसारखी सजवतात. हिरवी साडी, चुडा, ओटी, आणि कपाळाला हळद-कुंकू. मावशी खाडी ओलांडून, पावसात भिजून आली होती. रडत नव्हती. कमरेची पुरचुंडी सोडून तिने हळद काढली, घरची, आणि लेकीच्या कपाळाकडे हात नेला. आईने तो हात मनगटात धरला.

"नको," आई म्हणाली. "जिती व्हती तवा घातलीस ती बस झाली."

घरात तीसेक बायका होत्या. सगळ्यांनी ते पाहिलं. मावशीचा हात हवेत राहिला, मग तिने तो मागे घेतला आणि चिमटीतली हळद परत पुरचुंडीत सोडली, सांडू न देता. वहिनी नुसत्या कुंकवाने गेली. मी तिच्या पायाशी बसले होते. तिथे एक वाक्य बोलायचं होतं, बर्फाने झालं, मी घातला. माझी दातखीळ बसली होती असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. दातखीळ वगैरे काही नव्हती. मी घाबरले होते. दादा मला काय करेल, आई काय म्हणेल, हाच विचार मनात होता, आणि दुसऱ्या कुणावर ते परस्पर गेलंय हे पाहून मला आतून सुटल्यासारखं वाटलं होतं. त्या सुटकेची मला आजही किळस येते.

आईची जीभ बाजारात वाढलेली. दुःख झालं की ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती, ती बोलत सुटायची. अंधेरीच्या बाजारात, तिथून मालाडला, बोरिवलीला, कोळणींच्या पाट्यांबरोबर ती गोष्ट सगळ्या कोळीवाड्यांत गेली. विहिणीच्या हळदीने सून गेली. पुढे त्याला आणखी पाय फुटले. तिच्या हाताला हळद सोसत नाही. तिच्या हातची हळद लागते ते पिवळं पडतं. आमच्यात हळदीशिवाय लग्न होत नाही, बारसं होत नाही. लोकांनी मावशीला हळदीच्या कार्याला बोलावणं बंद केलं. तिने घरामागचे वाफे उपटून टाकले, असं कुणीतरी येऊन सांगितलं. आई नुसतं "हं" म्हणाली.

नारळीपुनवेनंतर होड्या पुन्हा पाण्यात गेल्या आणि मी पहिल्यांदाच आईबरोबर बर्फाच्या कारखान्यात गेले. मला एकच विचारायचं होतं. लाद्या ओढणाऱ्या माणसाला मी म्हटलं, "मधला पांढरा पट्टा कसला असतो?"

"घाणीचा," तो म्हणाला. "पानी भाइरून गोठत येतं ना. जो काय गाळ आसंल तो आत आत सरकतो नि शेवटी मधी जमतो. खायच्या बर्फाचं मधलं पानी उपसून टाकतात. म्हावऱ्याच्या बर्फाला कोन उपसत बसतंय?"

काचेसारखा स्वच्छ भाग मी फोडून टाकला होता. वेचून वेचून तिला जे दिलं ते लादीच्या पोटात साठलेलं होतं. त्या संध्याकाळी आईने मला पाटी भरायला बसवलं आणि मला टोच्या धरवेना. आई म्हणाली, शिकलेल्या पोरीला कामाची लाज वाटते.

दोन वर्षांनी दादाने दुसरं लग्न केलं. मला स्टेशनजवळच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली. वहिनी मला ज्या नावाने चिडवायची ते मी खरंच झाले. वर्गात मुलांना मी सांगायचे, पाणी उकळून प्या, गाड्यावरचा बर्फाचा गोळा खाऊ नका. हे मी इतक्या तावातावाने सांगायचे की मुलं मागे माझी नक्कल करायची.

सत्तरचं दशक लागून तीन-चार वर्षं झाली असतील. वहिनीच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि आम्हाला बोलावणं आलं. इतक्या वर्षांनी, रीत म्हणून. आईने निमंत्रण चुलीमागे टाकलं. मी शाळेत रजा टाकली आणि एकटीच निघाले. वाटेत तरीमध्ये बसून मी वाक्य घोटलं. पोचल्या पोचल्या मावशीला बाजूला घ्यायचं आणि सांगायचं.

पोचले तेव्हा मांडवात हळदीची तयारी चालली होती. मावशी दिसली नाही. शोधत मागे गेले, तर ती चुलीपाशी भाताचं आधण बघत होती. नवरा जिवंत, कपाळाला कुंकू, मुलीचं लग्न, आणि ही मांडवात नव्हती. मला पाहून तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. "माझी लेक असती तं तुझ्यासंगती आली असती," म्हणाली आणि मला चहा दिला.

मी वाक्य उचललं, तेवढ्यात एक बाई आत आली आणि कुजबुजत म्हणाली, "मावशे, तू भाईर नको येऊ हां. नवऱ्याकडच्यांनी तसंच सांगितलंय." मावशी म्हणाली, "म्हाईत हाय मना." ती बाई गेली. मी चहाचा कप हातात धरून बसले. आता सांगितलं तर मावशी उठून मांडवात जाईल, तिथे गोंधळ होईल, नवऱ्याकडचे विचारतील, सगळ्यांसमोर मला पुन्हा सांगावं लागेल. आधी हळद होऊन जाऊ दे, मग शांतपणे सांगू, असं मी ठरवलं. चहा प्यायले आणि मांडवात जाऊन बायकांत बसले.

नवरीला पाटावर बसवलं. बाजारातून आणलेली हळद होती. पाच सवाष्णींनी लावली, मग मावश्यांनी, चुलत्यांनी, मग कुणीही. माझ्याही हातात वाटी आली. मी तिच्या गालाला हळद लावली. गाणी झाली, हसणं झालं, मग बायका तिला आंघोळीला घेऊन गेल्या.

मी मागे गेले. मावशी विहिरीजवळ बसून पातेली घासत होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. लादी, पांढरा पट्टा, पेला, डॉक्टर, त्याला दिलेलं उत्तर. आईने हात धरला तेव्हा मी गप्प बसले होते तेही. मला रडू आलं नाही. रडले असते तर तिला माझी समजूत काढावी लागली असती, तेवढं मी टाळलं.

मावशीचा राखेने भरलेला हात पातेल्यात थांबला होता. तिने विचारलं, "आवडायचा तिला? तो बर्फ?"

"लय," मी म्हटलं.

तिने मान हलवली. आतून पाणी ओतल्याचा आणि बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. ती तिकडे बघत राहिली.

"तू आज कवा आयलीस गो?"

"सकाळी."

"मना चुलीकडं भेटलीस तवा?"

"हो."

"तवा हळद लागायची व्हती."

मी पुढ्यातलं एक पातेलं उचललं.

"तवा सांगितलं असतंस," मावशी म्हणाली, "तं मी हिला माझ्या हातानं लावली असती." मग तिने मूठभर राख घेतली आणि ती पातेलं घासायला लागली.